मिटणारी शीर

रविवार, ४ मे

मशीन सुरू झालं एकदाचं. खोक्यात येऊन पडलं होतं फेब्रुवारीतच, पण सोनोग्राफीचं यंत्र म्हटलं की आपल्याकडं आधी परवानगी, मग तपासणी, मग दारावर 'इथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा फलक, आणि मग कुठं बटण. काल परवानगीचा कागद हातात पडला आणि आज रविवार असून मी हॉस्पिटलात जाऊन बसले. सिस्टर क्रांतीनं यंत्राला हळदकुंकू वाहिलं. मी नको म्हणाले नाही.

अमरसिंह सर खुर्ची ओढून बसले. राजारामपुरीतलं हे छोटं हॉस्पिटल त्यांचं, मी त्यांच्याकडं फिजिशियन. "दाखव आता," म्हणाले, "एवढं डोकं कशासाठी खाल्लंस ते."

क्रांतीला झोपवलं, बरगड्यांच्या खाली जेल लावलं, प्रोब टेकवला आणि दाखवलं. यकृताच्या मागनं हृदयाकडं जाणारी अंगठ्याएवढी जाड शीर. श्वास आत गेला की बारीक होते, बाहेर आला की फुगते. अंगातलं पाणी आटलं असेल तर श्वासागणिक पार मिटते. पाणी जास्त झालं असेल तर तट्ट फुगून बसते, श्वासाला दाद देत नाही. सलाईन सोडायचं की थांबवायचं, हे डोळ्यांनी दिसतं.

सर म्हणाले, "मी जीभ बघतो, मान बघतो, पायाला बोट दाबून बघतो, लघवीची पिशवी बघतो. तेवढ्यावर निम्मा जिल्हा जगवलाय मी."

"आणि उरलेला निम्मा, सर?"

सर हसले, पण त्यांचे कान लाल झाले. माझं तोंड हे असं आहे. आई म्हणते, तुझं एमडी झालं पण जिभेला हाड काही आलं नाही.

पुण्याला हे यंत्र शिकायला गेले होते, त्या वर्गातली वही काढून परत चाळली. शिकवणारे सर सारखं सांगत होते, पेशंटला त्याच्या नादात श्वास घेऊ द्या. मुद्दाम जोरात ओढला तर कुणाचीही शीर मिटते, पाणी असो नसो. मी त्याखाली दोन रेघा मारल्यात. एवढं काय त्यात, कळतं की.


शनिवार, १० मे

आठवडा माझा होता. शिरोली एमआयडीसीतला एक फौंड्रीवाला आला, बाहेर ऊन आणि आत भट्टी, दोन्हींनी वाळलेला. शीर कागदासारखी. सलाईन सोडलं, संध्याकाळी उठून चहा मागितला. मग एक आजी, सरांनीच सलाईन लावलेलं. बघितलं तर शीर फुगून बसलेली. मी सलाईन काढलं, पाणी काढायचं लॅसिक्सचं इंजेक्शन दिलं, आजींचा श्वास मोकळा झाला. सर मला नाही, क्रांतीला म्हणाले, "पोरगी हुशार आहे, तोंड फार आहे." क्रांतीनं ते मला लगेच येऊन सांगितलं, अर्थातच.

जाताना सरांनी दारात थांबवलं. "संयोगिता, मी याच्या विरुद्ध नाही. पण यंत्राच्या नादानं एक जरी माणूस बिघडला, तरी हे कपाटात जाईल."

"चालेल," मी म्हणाले. बिघडतोय कशाला.


मंगळवार, १३ मे

मामांना आणलंय.

सयाजी पैलवान म्हणजे माझे मामा, आईचे थोरले भाऊ. मुरगुडात आजही कुणाला विचारलं तर घर दाखवतील. कान मोडलेले, मान खांद्यात रुतलेली, सत्तरी ओलांडली तरी पहाटे तालमीत जाऊन पोरांच्या अंगावर वरडल्याशिवाय चहा गोड लागत नाही. बाबा गेले तेव्हा आईला आणि मला हाताला धरून घरी नेलं ते यांनीच. बारावीला क्लाससाठी मला गाडीवर बसवून मुरगुडाहून इथं राजारामपुरीत आणायचे आणि क्लास सुटेपर्यंत समोरच्या पायरीवर बसून राहायचे. गाडीवरनं जाताना एकदाही म्हणाले नाहीत की शिकून मोठी हो. म्हणायचे, "खाल्लंस का?"

कुणाच्या तरी बारशाचं जेवण बाधलं. जुलाब लागले, घरात कुणाला सांगितलं नाही, तसेच तालमीत गेले आणि तिथंच मातीत बसले. राजवर्धन, त्यांचा मुलगा, फौंड्रीतनं सुट्टी टाकून जीपमधनं घेऊन आला. पाठीमागं धोंडुबाई मामी, पायात चप्पल एकच.

"काय न्हाय गं," मामा मला बघून म्हणाले, "जरा पोट बिघडलंय." आणि रक्तदाब मोजायला गेले तर लागेना.

सर म्हणाले, "घरचा माणूस आहे. मी बघतो, तू बाजूला राहा."

"नाही सर. माझे मामा आहेत, मीच बघणार."

"मग हळू सोड. रक्तदाबाचा जुना पेशंट, हृदय जाड झालेलं. सलाईन जोरात सोडशील आणि हृदयाला झेपणार नाही."

मी प्रोब ठेवला. शीर दिसेचना, एवढी चपटी. सरांना दाखवलं आणि दोन्ही हातांना सलाईन लावून धाडधाड सोडलं. दुपारपर्यंत रक्तदाब वर आला, डोळे उघडले, तोंडाला रंग आला. सरांनी परत येऊन बघितलं. "बरोबर होतीस," म्हणाले. माणूस मोकळा आहे, मान्य करायला लागेल.

संध्याकाळी परत बघायला गेले तर मामा दारावरचा फलक वाचत पडलेले. "संयू, बाप्या माणसाच्या पोटात काय बघतीस? पोरगं का पोरगी?" अख्खा वॉर्ड हसला. मामींनी कपाळाला हात लावला.

मी पडदा त्यांच्याकडं फिरवला. "ही बघा मामा, शीर. श्वास घेतला की मिटते. मिटली म्हणजे अंगाला पाणी पाहिजे."

"म्हंजे मिटली की तुझं बरोबर?"

"मिटली की माझं बरोबर."

"अस्सं," म्हणाले आणि पडद्याकडं बघत राहिले. समोरच्याचा पट कसा काढावा हे बघावं तसं.


बुधवार, १४ मे

जुलाब थांबले. रक्तदाब ठीक. पण लघवी नाही. पिशवीत तळाला चहाच्या रंगाची थोडीशी, बस. किडनीचा आकडा, क्रिएटिनीन, कालच्यापेक्षा वर. आता खरा प्रश्न आहे. किडनीला अजून पाणी पाहिजे म्हणून लघवी होत नाही, की किडनीला मार बसलाय म्हणून होत नाही? पहिलं असेल तर पाणी दिलंच पाहिजे, नाहीतर किडनी जाईल. दुसरं असेल तर दिलेलं पाणी अंगात साठेल. हे कळायला तर मशीन आणलंय ना.

मी जेलची बाटली घेऊन गेले. मामा फार शहाणे पेशंट आहेत. मला बघितलं की घसा साफ करतात, उशीवर सरळ होतात, तोंड मिटून घेतात. पुढं मला काही सांगावं लागत नाही. नाकानं असा श्वास ओढतात की बरगड्या वर येतात, आखाड्यात उतरायच्या आधी घेत असतील तसा. शीर फटाफट मिटत होती.

"वा मामा, एक नंबर."

"मिटली न्हवं?"

"पार मिटली."

खूष झाले. मीही झाले.

सर राउंडला आले आणि खाटेच्या पायथ्याशीच जुंपली. "लघवी येत नाही म्हणून पाणी ओतून येत नसते," सर म्हणाले. "किडनीला मार बसलाय. थांब. वाट बघ. मानेची शीर बघ त्याची, भरलीय."

"पैलवानाची मान आहे सर. त्या मानेत काय दिसणार?"

"मला दिसतंय."

"मला पोटात दिसतंय. कालपण तुम्ही हळू सोड म्हणाला होता."

हे बोलायला नको होतं. वॉर्डात सगळे ऐकत होते, राजवर्धन दारात उभा होता. सरांचा आवाज चढला. म्हणाले, चार दिवस यंत्र हातात आलं म्हणून मला शिकवायला लागू नकोस. मीही चढवला. मामा डोळे मिटून पडले होते, मला वाटलं झोपलेत. तेवढ्यात खाटेवरनं आवाज आला, "डाक्टरसाहेब, आमची भाची म्हणत्या तसं करा की. तिला कळतंय."

सर गेले. मी सलाईन वाढवलं.


गुरुवार, १५ मे, सकाळ

सकाळी सकाळी मामी आणि क्रांतीचं भांडण. क्रांतीनं मामांच्या घोट्याचा काळा दोरा कापला. वस्तादांनी बांधलेला, मामांच्या पहिल्या मोठ्या कुस्तीपासनं पायात. मामी रडायला लागल्या. "त्यो कापायचा न्हवता गं बाई, आता काय वाईट झालं म्हंजे?" क्रांती म्हणते, "मॅडम, रुतला होता. पायाला वळ उठला होता." मी दोघींनाही गप्प केलं. नवा दोरा मी आणते म्हणाले. असल्या गोष्टींना वेळ नाही मला.

मामी मला बाहेर घेऊन गेल्या. "संयू, मी सांगतो, ह्यांचं काय तरी बिघडलंय. रात्री पडले न्हाईत. बसूनच हुते."

मामांना विचारलं. "गादी मऊ हाय," म्हणाले. "पाठीला सवय न्हाय. घोंगड्यावर झोपणारा माणूस मी."

"दम लागतोय का?"

"पैलवानाला दम लागतोय व्हय?"

तोंड मिटून हसले. लहानपणी सांगायचे ते आठवलं. आखाड्यात कितीही दमलास तरी तोंड उघडायचं नाही. तोंडानं श्वास घेतला की समोरचा ओळखतो, गडी संपला.

श्वास थोडा वाढलाय, मोजला. किडनी काम करत नसली की रक्तात आम्ल वाढतं आणि श्वास वाढतो, पुस्तकात आहे. पाठीला खाली थोडे बुडबुडे ऐकू आले, पडून असलेल्या माणसाला येतात. शीर बघितली. ओढला श्वास आणि मिटली.

"आज कालच्यापेक्षा जास्त मिटली न्हवं?" मामा विचारतात. निकालाच्या दिवशी मी विचारायचे तसं.

"जास्तच मिटली."

सलाईन चालू ठेवलं. सर माझ्याशी बोलत नाहीत. नाही तर नाही. लघवी सुरू झाली की बोलतील.


शुक्रवार, १६ मे

कालचं लिहायचं आहे. लिहायचं नाही खरं तर. पण लिहिलं नाही तर डोक्यात तेच फिरत राहतंय.

दुपारी जेवायला बसले होते आणि क्रांतीचा फोन. धावत गेले. मामा खाटेच्या कडेला बसलेले, पाय खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. दोन कुस्त्यांच्या मधे पैलवान बसतात तसे. ओठ निळे. अंगावरनं घामाच्या धारा. ओठांच्या कोपऱ्यातनं गुलाबी फेस येत होता, आणि तोंड मिटलेलं. एवढं होऊन माणसानं तोंड मिटलेलं. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली खाली चाललेला.

सर माझ्या आधी पोचले होते. सलाईनची नळी त्यांनीच उपटली. "लॅसिक्स दे. मास्क लाव. उभी काय राहिलीस?" मी इंजेक्शन भरत होते आणि सुई बाटलीत जाईना. क्रांतीनं हातातनं घेतली.

फुप्फुसात पाणी भरलं होतं. मी भरलेलं. दोन दिवस बाटलीमागनं बाटली.

मास्क लावायला गेले तर मामांनी हात धरला माझा. बोलता येत नव्हतं, नुसतं डोळ्यांनी काहीतरी विचारत होते. काय, ते कळलं नाही. मी म्हणाले, मामा सोडा, मास्क लावू दे.

राजवर्धन पाठीमागं उभा होता. मोठ्यानं ओरडेल असं वाटलं होतं. हळू आवाजात म्हणाला, "घरचा माणूस म्हणून तुझ्याकडं आणलं हुतं, संयूताई." ओरडला असता तर बरं झालं असतं.

किडनीच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, उद्यापर्यंत बघू. लॅसिक्सनं लघवी उतरली तर ठीक. नाही उतरली तर डायलिसिस करून पाणी काढावं लागेल, आणि हे हृदय त्या मशीनवर टिकेल की नाही, सांगता येत नाही. मामींना हे मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे ऱ्हातील का जातील तेवढं सांग."

आईला फोनवर म्हणाले, बरं आहे. आयुष्यात आईशी एवढं उघड खोटं बोलले नव्हते.

सरांनी पेशंटच्या कागदावर काय झालं ते लिहिलं, सही केली आणि पेन माझ्याकडं दिलं. मी खाली सही केली.

पण शीर मिटत होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, दोन्ही दिवस मिटत होती. तट्ट फुगलेली असायला पाहिजे होती आणि मिटत होती. माझं काय चुकलं तेच कळत नाही, म्हणून जास्त भीती वाटते. हेच उद्या दुसऱ्या कुणाला होईल.


शनिवार, १७ मे

कळलं.

सकाळी लवकर गेले. मामा अर्धे बसते, मास्क लावलेला, झोपलेले. परवापासनं पहिल्यांदा डोळा लागला होता. मामी खाली घोंगड्यावर लवंडलेल्या. पिशवीत लघवी थोडी वाढली होती, फार नाही, पण रंग फिका झाला होता. मी मशीन ढकलत आणलं. उठवायचं नव्हतं त्यांना. जेलची बाटली मुठीत धरून आधी गरम केली आणि हळूच प्रोब टेकवला.

शीर फुगलेली. तट्ट. झोपेतला श्वास आत जात होता, बाहेर येत होता आणि शीर हलत नव्हती.

मी उभी राहिले. हीच शीर, हाच माणूस. परवा हिला पाणी पाहिजे होतं?

तेवढ्यात मामांनी डोळे उघडले. मला बघितलं, पोटावरचा हात बघितला, मग मान वळवून पडदा बघितला. आणि मास्कच्या आत ओठ मिटून घेतले. नाकपुड्या फुलल्या, बरगड्या वर आल्या. एवढा दमलेला माणूस, पण अंगात होतं नव्हतं ते सगळं लावून श्वास ओढला. पडद्यावर शीर निम्मी मिटली.

मग माझ्या तोंडाकडं बघितलं त्यांनी. मी काय म्हणते ते बघायला.

पुण्याच्या त्या वाक्याखाली दोन रेघा आहेत. दोन. दोन दिवस हा माणूस माझ्यासमोर श्वास ओढत होता आणि मी 'वा मामा' म्हणत होते. इथं लिहूनसुद्धा ठेवलंय मी, बरगड्या वर येतात, आखाड्यात उतरायच्या आधी घेतात तसा. हातानं लिहिलं आणि वाचलं नाही.

सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ऐकून घेतलं त्यांनी, चष्मा पुसला. "रोज ओढायचा?"

"रोज."

"मीही तिथंच होतो," म्हणाले. "मान बघत होतो आणि तुझ्याशी भांडत होतो." मग एकदम चिडले. "आणि तू, घरचा माणूस बघू नको म्हणून सांगितलं होतं ते कशाला ऐकशील?"

मशीन नेऊन कपाटात ठेवलं आणि किल्ली त्यांच्या टेबलावर. ते म्हणाले, "ठेव तिथं."


सोमवार, १९ मे

लघवी उतरायला लागली. काल दुपारपासनं पिशवी भरतेय, क्रांती रिकामी करताना मला हाक मारून दाखवते. क्रिएटिनीन वर जायचं थांबलंय. किडनीचे डॉक्टर सकाळी म्हणाले, डायलिसिस नको आता. मामींनी त्यांच्या पायाला हात लावला, ते दचकले.

मास्क काढला, नाकाला नुसती ऑक्सिजनची नळी आहे. मी स्टूल घेऊन जवळ बसले. राजवर्धन चहा आणायला गेला होता, मामी होत्या.

"मामा, एक विचारू? मी शीर बघायला आले की तुम्ही श्वास मुद्दाम ओढत होता?"

"व्हय."

असं म्हणाले, जसं मी विचारलं होतं की जेवलात का.

"का पण?"

"का म्हंजे? तूच म्हणालीस की, मिटली की तुझं बरोबर. मी बघितलं, जोरात वडला की जास्त मिटत्या. आनि तुझं तोंड कसं फुलतंय." थोडं थांबले, बोलताना अजून थांबावं लागतंय. "आनि त्या दिवशी त्यो डाक्टर चार माणसांत तुझ्यावर वरडाय लागला. माझ्या म्होरं. म्हटलं, आपल्या पोरीची पाठ टेकू द्यायची न्हाय."

"आणि दम लागत होता का तेव्हा?"

मामा मामींकडं बघायला लागले.

"सांगा की तिला," मामी म्हणाल्या.

"लागत हुता. लई."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्यो जिंकला असता न्हवं?"

मी रडले. वॉर्डात, पेशंटसमोर, पांढरा कोट घालून, लहान पोरीसारखी रडले. म्हणाले, मामा, मी मारलं असतं तुम्हाला. तुम्ही माझ्यासाठी श्वास ओढत होता आणि मी तुम्हाला पाण्यात बुडवत होते. मामा घाबरले मला बघून. "आगं गप. मला काय म्हाईत आत पाणी भरतंय. मला वाटलं, औषधच हाय न्हवं, जास्त झालं तर काय हुतंय." मामी म्हणाल्या, "खुळं हाय म्हातारं. आनि तू बी." आणि दोघांच्याही दंडावर एकेक चापट मारली.

दुपारी सर मशीन ढकलत वॉर्डात आले. स्वतः. मी उठून उभी राहिले.

"अजून किती पाणी काढायचं ते बघायला पाहिजे," म्हणाले. "जास्त काढलं तर परत किडनी बसेल. बघ."

"तुम्ही मान बघा ना, सर."

"मान बघितली. भरलेली वाटते थोडी. पण पैलवानाची मान आहे." आणि निघून गेले. हसले की काय, पाठमोरे होते, दिसलं नाही.

मी पडदा भिंतीकडं फिरवला. जेल लावलं. प्रोब टेकवायच्या आधीच मामांच्या बरगड्या वर.

"मामा, सोडा."

"सोडलाय की."

"सोडलेला नाही."

बिचाऱ्यांना येईना ते. कुणी बघतंय म्हटलं की छाती फुगतेच, पन्नास वर्षांची सवय. सोडा म्हटलं की सोडायलाही जोर लावतात. शेवटी मी प्रोब तसाच धरून ठेवला आणि मामींना म्हणाले, मामी, म्हशीचं काय झालं? मामींना तेवढंच पाहिजे होतं. शेजारच्यांना धार काढायला सांगितली होती, तर म्हैस त्यांना कासेला हातच लावू देईना, तिला लाथ मारायची सवय ह्यांनीच लावली, लाड करून करून. मामांनी तिकडं मान वळवली. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना, पण मामी थांबतील तर ना. बघता बघता छाती खाली बसली. श्वास आपल्या नादात यायला जायला लागला, आखूड, जरा भरभर.

मी शीर बघितली. अजून फुगलेली आहे. जराशी हलते आता, पण फुगलेली आहे. आणि यावेळी मी पडद्यावरनं नजर काढून मामांकडंही बघितलं. नाकपुड्या उडत होत्या. खांदे वर खाली होत होते. हे सगळं गुरुवारीही असणार.

"मिटली का?" मामांनी विचारलं.

तोंडावर काही दिसू दिलं नाही मी. "सांगणार नाही."

"आगं, बरं का वाईट तेवढं तरी सांग."

"नाही."

मामांनी दाराकडं बघितलं, सर नाहीत ना ते. मामींकडं बघितलं. मग छताकडं बघत, माझ्याकडं नाही, हळूच म्हणाले, "संयू, दम लागतोय गं जरा."

मामी म्हशीचं बोलता बोलता थांबल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनीही हे ऐकलं नसणार, पदर तोंडाला लावला त्यांनी. मी उशी उंच केली, मामांना टेकवून बसवलं आणि सरांना हाक मारली.